दुमडलेला कोपरा

केतकी वैरागडेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली शेवटची गोष्ट म्हणजे एका लेबलाचा दुमडलेला कोपरा.

नागपूरच्या एका रसायन संशोधन संस्थेत ती तेव्हा पीएच.डी. करत होती. प्रयोगशाळेच्या सिंकखाली टाकाऊ द्रव साठवायच्या बाटल्या असत. त्यांतल्या एकीवर ‘अ‍ॅसिटोन, टाकाऊ’ असं लेबल होतं. केतकीने चंचुपात्रात उरलेलं अ‍ॅसिटोन त्या बाटलीत ओतलं. बाटलीत अ‍ॅसिटोन नव्हतंच. काचेची भांडी लख्ख करायला तीव्र गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं जे मिश्रण वापरतात, त्यातलं उरलेलं मिश्रण होतं, आणि अजून गरम होतं. त्यात अ‍ॅसिटोन पडलं की स्फोट होतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. केतकीच्या डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा होता. तो टिकला नाही.

लेबल चिकटवताना त्याचा खालचा कोपरा आत दुमडायची सवय त्या संस्थेत एकाच माणसाला होती. “बेटा, चिकटवतानाच काढायची सोय ठेवावी. मग नखं खराब होत नाहीत,” असं तो प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायचा. तो माणूस म्हणजे केतकीचे मार्गदर्शक, डॉ. निशिकांत खापेकर.

चौकशी झाली. चौकशी समितीचे प्रमुखही खापेकरच होते. बाटलीचा चुरा झाला होता, लेबल जळून गेलं होतं. ‘विद्यार्थिनीने स्वतःच बाटलीवर चुकीचं लेबल लावलं,’ असा निष्कर्ष निघाला. केतकीने दुमडलेल्या कोपऱ्याबद्दल सांगितलं, तेव्हा समितीतले एक गृहस्थ फार हळुवारपणे म्हणाले, “अशा धक्क्यात माणसाला काहीबाही आठवतं, बाळ.” त्या दिवसापासून केतकीने सांगणं सोडलं. विसरणं सोडलं नाही.

पुढे खापेकर संस्थेचे संचालक झाले. त्यांनीच शब्द टाकून केतकीला प्रकाशन विभागात नोकरी दिली. तिने ती घेतली. लोकांना वाटलं, गरज म्हणून घेतली. खरं कारण असं होतं, की ज्या माणसावर नेम धरायचा आहे, त्याच्यापासून फार लांब उभं राहू नये.

*

“केतकी बेटा, आहेस का जागेवर?”

खापेकरांच्या बुटांचा आवाज ती जिन्यापासून ओळखायची. तिने की-बोर्डवरची बोटं उचलली.

“या सर.”

“पुढच्या आठवड्यात माझा निरोप समारंभ. भाषण लिहिलंय. तुझ्याकडे पाठवलंय. सजवून दे.”

विभागातले बाकीचे लोक आता हवेत हात फिरवून काम करत. केतकीचा मात्र जुना, खटखटणारा की-बोर्डच होता. कंट्रोलचं बटण आणि बाण दाबला की कर्सर शब्दाशब्दाने पुढे उडी मारायचा. त्याच्या जोडीला शिफ्ट धरून ठेवलं की ओलांडलेला प्रत्येक शब्द निवडला जायचा, आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा तिच्या कानातला वाचक तो शब्द उच्चारून म्हणायचा, ‘निवडले’. डोळस माणूस मजकुरावर रंगीत पट्टा पाहतो आणि काम उरकतो. केतकीला जो मजकूर निवडायचा, तो ऐकावाच लागे. न ऐकता तिला एक अक्षरही ठळक करता येत नसे.

तिने भाषण उघडलं. शीर्षकं सगळी खोटी होती. खापेकरांनी अक्षरं नुसतीच मोठी आणि ठळक केली होती. डोळ्यांना ते शीर्षक वाटतं, पण वाचकयंत्राला ती नुसती मोठी अक्षरं असतात.

“सर, ही शीर्षकं दिसायला शीर्षकं आहेत. यंत्राला कळायची नाहीत.”

“म्हणून तर तू आहेस नं!” ते हसले. “आणि तो चौथा परिच्छेद आहे नं, तो जरा वजनदार कर. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे.”

ते गेले. केतकी चौथ्या परिच्छेदावर आली. शिफ्ट, बाण. कानात चिमणीसारखा चिवचिवणारा वाचक बोलू लागला.

‘आमच्याच एका विद्यार्थिनीने, निवडले. एका चुकीच्या लेबलापायी दृष्टी गमावली, निवडले. नियतीने तिला तिच्या निष्काळजीपणाची शिक्षा दिली, निवडले. संस्थेने मात्र तिला क्षमा केली, निवडले.’

तिने तो परिच्छेद वजनदार केला.

*

इथे निजस्वराबद्दल सांगायला हवं.

आपण स्वतःला गुदगुल्या करू शकत नाही. याचं कारण असं, की हात हलवण्याची आज्ञा देताना मेंदू त्या आज्ञेची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. स्पर्श झाला की प्रत ताडून पाहतो आणि म्हणतो, हे तर आपलंच, दुर्लक्ष करा. बोलण्याचंही तसंच. मनातल्या मनात बोलतानाही जीभ आणि स्वरयंत्र कळत नकळत हलत असतात, आणि मेंदू त्या हालचालीची प्रत ताडून ठरवतो, की हा आवाज माझा.

निजस्वर हे कानामागे चिकटवायचं बोटभर यंत्र या प्रतीलाच चकवायचं. स्वरयंत्राचे ते सूक्ष्म कंप ते टिपायचं आणि नेमक्या त्या लयीत, हाडातून, मजकूर आत सोडायचं. मेंदू प्रत ताडायचा आणि म्हणायचा, हे तर आपलंच. बाहेरून आलेलं वाक्य माणसाला स्वतःचा विचार वाटायचं.

यंत्र निघालं होतं अंधांसाठी. ते वापरू लागले वक्ते. हातात कागद नको, समोर पडदा नको, भाषण आपोआप ‘सुचत’ जायचं. त्यासाठी मजकुराला शैली द्यावी लागे. शीर्षक म्हटलं की एक घनगंभीर ठोका. उद्धृत म्हटलं की परका आवाज. आणि ‘निज’ ही शैली दिली की स्वतःचा. वक्त्यांना सूचनाही लागत: इथे थांबावं, पाणी प्यावं, पहिल्या रांगेकडे बघावं. या सूचना ‘लपवलेली अक्षरं’ म्हणून घालत. पडद्यावर त्या दिसत नसत, छापूनही येत नसत, पण यंत्र पडदा वाचत नाही, दस्तऐवजाची रचना वाचतं. वक्त्याला पाणी प्यायची इच्छा व्हायची आणि ती आपलीच वाटायची.

असलं यंत्र मोकळं सोडणं धोक्याचं, म्हणून कायदा होता. निज शैलीतली प्रत्येक प्रत वक्त्याने स्वतः पूर्ण ऐकून मंजूर करायची. आणि प्रूफ तपासणाऱ्याने ती निजमध्ये कधीच ऐकायची नाही, परक्या स्वरातच ऐकायची.

या दुसऱ्या नियमावरून केतकीची शेजारीण रुबिना शेख नेहमी एक किस्सा सांगायची. रुबिना आकृत्या काढायची आणि तोंडाने अखंड चालू असायची.

“मुंबईचा एक तपासनीस होता म्हणे. कोणाचं तरी आत्मचरित्र निजमध्ये ऐकत बसला. त्यातल्या माणसाचा भाऊ वारला होता. हा पठ्ठ्या पितृपक्षात भावाचं श्राद्ध घालायला निघाला. बायको म्हणते, अहो, तुम्ही तर एकुलते एक!”

“मग घातलं का श्राद्ध?”

“घातलं तर! रडला, ढसाढसा. डॉक्टरनं समजावलं, रेशनकार्ड दाखवलं. पटतं म्हणे त्याला. पण रडू थांबत नाही.”

दोघी हसल्या होत्या.

*

आधी केतकीने भाषणात सूचना घातल्या: इथे थांबावं, इथे आवाज चढवावा. मग ती चौथ्या परिच्छेदाच्या तोंडाशी आली आणि तिने टाइप केलं: ‘ते लेबल मी लावलं.’

शिफ्ट धरून ते वाक्य निवडलं. लपवलेली अक्षरं. शैली, निज.

पडद्यावर काहीच नव्हतं. दोन परिच्छेदांमधल्या पांढऱ्या जागेत ते वाक्य बसून होतं, गवतात साप बसावा तसं. तिने ते उचललं आणि आणखी जागोजाग पेरलं. स्वागताच्या वाक्यानंतर, संस्थेच्या इतिहासात, आभाराच्या आधी.

आता प्रश्न होता आवाजाचा. सरावासाठी वक्ते ही प्रत आठवडाभर घालून फिरत. वाक्य मोठ्याने आलं तर माणूस दचकेल. लय चुकली तर यंत्र वाटेल. ते पुसट हवं होतं, रस्त्याने चालताना मनात काहीतरी चमकून जावं तेवढंच. आणि ते परक्या स्वरात ऐकून ठरवता येत नव्हतं. परक्या स्वरात ते नुसतं वाक्य होतं.

केतकीने निजस्वर कानामागे चिकटवला.

ते लेबल मी लावलं. जास्त स्पष्ट. तिने आवाज उतरवला. ते लेबल मी लावलं. ‘मी’वर जोर नको. ते लेबल मी लावलं. किंचित लवकर येतंय. ते लेबल मी लावलं.

“काय करून राहिली गं?” रुबिना मागून म्हणाली. “कानामागे काय ते? तू निजमध्ये प्रूफ ऐकून राहिली का?”

“सूचना तपासतेय. पाणी प्यावं, थांबावं. त्याने काय होतंय?”

“बाप्पा! सरांच्या भाषणातली अक्कल तुला लागली तर काय करशील?”

“काळजी नको. तेवढी नाहीये त्यात.”

रुबिना खदखदून हसली आणि आपल्या जागेवर गेली. केतकी ऐकत राहिली. रसायनशास्त्राने तिला एक गोष्ट शिकवली होती: मोजमाप बरोबर येईपर्यंत प्रयोग पुन्हा करायचा. दुसऱ्या दिवशीही तिने ऐकलं, तिसऱ्याही. शेवटी ते वाक्य इतकं नेमकं बसलं, की आपण यंत्र लावलंय हे तिच्या लक्षातही राहिनासं झालं.

खापेकर मंजुरीला आले. तिने नियमाप्रमाणे सांगितलं, “सर, पूर्ण ऐकून मंजूर करायचं असतं.”

“अगं, मला डोळे आहेत नं. नजर टाकतो की झालं.”

आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते पडद्यासमोर वाकले. वरपासून खालपर्यंत पाहिलं. “वा! सुरेख मांडणी,” असं म्हणून त्यांनी अंगठा टेकवला.

*

खापेकर रोज सकाळी तलावाभोवती फेऱ्या मारत भाषणाचा सराव करू लागले. केतकी वाट पाहत होती. त्यांच्या बुटांचा जिन्यावरचा आवाज हळूहळू बदलला. आधी जोर गेला, मग लय.

एके दुपारी ते तिच्या टेबलापाशी येऊन नुसतेच उभे राहिले.

“काही हवं होतं का, सर?”

“नाही. म्हणजे... झोप लागत नाही, बेटा. मनात एकच गोष्ट घोळत राहते.”

“कोणती?”

कूलरची घरघर चालू होती. त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, पण बसल्याचा आला नाही.

“जाऊ दे. जुनी आहे.”

“जुन्या गोष्टी बोलून टाकाव्यात सर. बरं वाटतं,” केतकी म्हणाली. गूळ लावल्यासारखा गोड आवाज काढायला तिला जराही कष्ट पडले नाहीत. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवशी तिला डब्यातल्या भाजीची चव लागली.

समारंभाच्या आदल्या दिवशी तिने ती सगळी लपवलेली वाक्यं एकेक करून निवडली आणि पुसून टाकली. निवडायची म्हणजे पुन्हा ऐकायची. ते लेबल मी लावलं, निवडले. ते लेबल मी लावलं, निवडले. शेवटच्या प्रतीत पाणी प्यायच्या सूचनेखेरीज काही उरलं नाही. चिकटवतानाच काढायची सोय ठेवावी. ही शिकवण तिला त्यांनीच दिली होती.

*

सभागृह भरलं होतं. खापेकर छान बोलत होते. स्वागत झालं, इतिहास झाला. चौथ्या परिच्छेदाचा वजनदार ठोका त्यांच्या आत पडला असणार, कारण त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

“आमच्याच एका विद्यार्थिनीने एका चुकीच्या लेबलापायी दृष्टी...”

ते थांबले. तिथे थांबायची सूचना नव्हती.

“ते लेबल मी लावलं,” खापेकर म्हणाले.

टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले असावेत. कुठेतरी एक खुर्ची करकरली.

“विमान गाठायचं होतं. मिश्रण थंड व्हायला वेळ नव्हता. जी बाटली हाताशी आली, तिच्यात ओतलं. तिच्यावर ते लेबल होतंच. नाही... तेही खरं नाही. मीच रोलमधून ओढून लावलं, न वाचता. कोपरासुद्धा दुमडला. ती पोरगी खरं सांगत होती.”

यातलं पहिलं वाक्य सोडून काहीच केतकीने लिहिलेलं नव्हतं. विमान तिला माहीत नव्हतं. रोल माहीत नव्हता. ती शेवटच्या रांगेत ताठ बसून होती. रुबिनाने तिचा हात घट्ट धरला होता आणि ती मुसमुसत होती.

“ऐकलं का गं? ऐकलं का तू?”

“ऐकलं,” केतकी म्हणाली. तो क्षण अगदी तिने कल्पिला होता तसाच गोड होता. दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांचं नाव सभागृहाच्या दारावरून उतरलं. सत्काराची शाल त्यांनी स्वतःच परत पाठवली. नवी चौकशी बसली. केतकीला प्रत्येक बातमी कोणीतरी धावत येऊन सांगत होतं आणि ती प्रत्येक बातमी चवीने ऐकत होती.

*

चौकशीच्या आधीच्या रविवारी रुबिना तिच्या घरी आली. केतकी मसाल्यांच्या डब्यांना ब्रेलची लेबलं लावत होती.

“हे काय गं, सगळ्या लेबलांचे कोपरे दुमडून ठेवले तू?”

केतकीची बोटं थबकली. तिने हळदीचा डबा चाचपला. मग धण्याचा. मग जिऱ्याचा.

“काढायला सोपं जातं,” ती म्हणाली.

“कधीपासूनची ही खोड?”

पहिल्यापासूनची, असंच केतकीच्या ओठांवर आलं.

त्या दिवशी ती अंगणात बसून स्वतःशी शांतपणे विचार करत राहिली. तिला सगळं कळत होतं. तिने मजकूर निवडला होता, म्हणून ऐकला होता. लय बसवली होती, म्हणून स्वतःच्या स्वरात ऐकला होता. तिच्या मेंदूने प्रत ताडली होती आणि म्हटलं होतं, हे तर आपलंच. कारण माहीत होतं, यंत्रणा माहीत होती. रेशनकार्ड दाखवलेल्या त्या माणसालाही माहीत होतं.

*

चौकशीला एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. त्यांचा आवाज कोरडा आणि सरळ होता. खापेकरांचा जबाब आधी झाला.

“तुमच्यावर कोणी दबाव आणला?”

“नाही बाई. माझंच मन मला खात होतं. बोललो, आणि सुटलो. आता झोप लागते.” त्यांचा आवाज कसा हलका झाला होता. वीस वर्षांनी तरुण. मग तो केतकीकडे वळला. “बेटा, माफी मागायचं तोंड नाही. पण मागतो.”

हेच तिला हवं होतं. याच वाक्यासाठी तिने इतकी वर्षं त्या बुटांचा आवाज ऐकून घेतला होता. पण ते वाक्य तिच्यापर्यंत येऊन पोचलं ते भलत्याच दाराशी आलेल्या पाहुण्यासारखं. माफी यांनी का मागावी, असा एक विचार तिच्या मनात चमकून गेला. पुसट. नेमक्या लयीत.

“केतकीताई,” न्यायाधीश बाई म्हणाल्या, “नोंदीसाठी एकच प्रश्न. त्या बाटलीवरचं लेबल कोणी लावलं होतं?”

केतकीने ते शेवटचं दृश्य डोळ्यांसमोर आणलं. सिंक. बाटली. दुमडलेला कोपरा. इतकी वर्षं तिथे नुसता कोपराच असायचा. आता त्यावर एक अंगठा होता, कागद आत दाबणारा. त्याच्या नखाला जांभळं नेलपॉलिश होतं, कडेला टवका उडालेलं. त्या दिवशी तिने लावलं होतं तेच.

यंत्र कानामागे नव्हतं. तिने हात लावून पाहिलं.

ते लेबल मी लावलं, तिच्या मनात तिचाच आवाज म्हणाला.

“ताई, ऐकताय ना? लेबल कोणी लावलं?”

खरं काय ते तिला माहीत होतं. कारणासकट, पुराव्यासकट माहीत होतं. तिने ते सगळं गोळा केलं आणि तोंड उघडलं.

“खापेकर सरांनी,” ती म्हणाली.

मागच्या बाकावरून रुबिना पुटपुटली, “जिंकलीस गं!”

केतकीने मान खाली घातली. इतकं धडधडीत खोटं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.